शब्दांकनात ‘अस्पष्ट’ असे लिहितो, तेव्हा नेमके काय अस्पष्ट असते?

प्रश्न : शब्दांकनकार

नमस्कार. गेली सहा वर्षे मी मुलाखती आणि जबाब यांच्या ध्वनिमुद्रणांचे शब्दांकन करते. फाइल उघडायची, हेडफोन लावायचा, ऐकायचे, थांबवायचे, चार सेकंद मागे न्यायचे आणि टंकायचे, हेच माझे काम. एखादा शब्द कळला नाही, तर चौकटी कंसात ‘अस्पष्ट’ असे लिहून पुढे मिनिट-सेकंदांचा आकडा टाकायचा, असा आमच्याकडचा नियम आहे, आणि तो मी आजवर कोणतीही शंका न घेता पाळत आले.

मागच्या महिन्यात एका वयस्कर गृहस्थांची, जमिनीच्या व्यवहाराबद्दलची मुलाखत माझ्याकडे आली. त्यातले एक वाक्य मी असे उतरवले : ‘मग मी सही केली [अस्पष्ट]. ते लोक निघून गेले.’ फाइल तपासणीसाठी एका सहकाऱ्याकडे गेली. त्या गृहस्थांच्या बोलीच्या वळणाचीच बोली त्याच्या घरी बोलली जाते. त्याने ती जागा एकदाच ऐकली आणि कंस खोडून लिहिले : ‘मग मी सही केली न्हाई.’ मी पुन्हा ऐकले, तर ते ‘न्हाई’ इतके स्वच्छ ऐकू आले की आता मला ते ऐकू न येणे जमतच नाही. ध्वनिमुद्रण तेच होते, हेडफोन तोच होता आणि कानही माझेच होते.

मराठीत नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतो आणि शेवटाकडे आवाज उतरतो, हे मला माहीत होते. तरीही ‘सही केली’ एवढे ऐकताच माझ्या लेखी वाक्य पुरे झाले होते, आणि उरलेला आवाज मी खोकल्याच्या किंवा खुर्चीच्या करकरीच्या खात्यात टाकून दिला होता. अर्थ नेमका उलटा झाला असता, ही गोष्ट मला झोपू देत नाही. त्याहूनही ‘अस्पष्ट’ हा शब्द मला छळतो आहे. तो दोष बोलणाऱ्यावर टाकतो, फार तर यंत्रावर टाकतो. ‘मला कळले नाही’ असे लिहिण्याची सोय आमच्या नियमावलीत नाही.

तेव्हा विचारायचे आहे ते असे. ऐकणे ही शिकावी लागणारी गोष्ट असेल, तर मला ते कोणी शिकवले, आणि ते शिकताना काय न ऐकण्याचीही सवय मला लागली? आणि याला राजकीय म्हणणे रास्त आहे का, की एका चुकलेल्या शब्दाचा मी उगाच पसारा मांडते आहे?

उत्तर : मूर्धन्य

पसारा मुळीच नाही. ध्वनिशास्त्राच्या बाजूने काही सांगतो.

आपण ‘ट’ आणि ‘त’ यांत सहज फरक करतो, कारण त्यावर आपले ‘टाळ’ आणि ‘ताळ’ वेगळे होतात. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील तान्ह्या मुलांना हिंदीतील नेमकी हीच जोडी ऐकवली होती. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक मुलांना हा फरक ओळखता येत होता, तर दहा ते बारा महिन्यांच्या मुलांपैकी फारच थोड्यांना. म्हणजे पहिला वाढदिवस यायच्या आत कानाने ठरवलेले असते की घरात ज्या फरकाला किंमत नाही, तो फरक मोजत बसायचा नाही. याला मी कानाचा दोष म्हणणार नाही. असे गाळल्याशिवाय भाषा शिकताच येत नाही. पण शिकणे आणि बहिरे होणे या एकाच क्रियेच्या दोन बाजू आहेत, हे आपण सहसा विसरतो. ‘काय न ऐकण्याची सवय लागली’ हा तुमचा प्रश्न म्हणूनच मला ‘कोणी शिकवले’ या प्रश्नाहून अधिक मोलाचा वाटतो.

हे झाले कानाचे. पण आपण नुसत्या कानांनी ऐकतही नाही. डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात अमेरिकी विद्यार्थ्यांच्या दोन गटांना एकाच व्याख्यानाचे एकच ध्वनिमुद्रण ऐकवले होते, आणि बोलणारी व्यक्ती अमेरिकेतच वाढलेली, इंग्रजी मातृभाषा असलेली होती. ऐकताना एका गटासमोर गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र होते आणि दुसऱ्यासमोर पूर्व आशियाई चेहऱ्याच्या स्त्रीचे. दुसऱ्या गटाला परकी ढब ऐकू आली, आणि व्याख्यानातला मजकूरही त्यांना कमी समजला. जी ढब ध्वनिमुद्रणात नव्हतीच, ती त्यांनी ऐकली. तुमच्याकडे छायाचित्र नव्हते हे खरे, पण पहिल्या दोन-तीन वाक्यांत ‘हे गृहस्थ कुठले, किती शिकलेले’ याचा एक चेहरा तुमच्या मनात तयार झालाच असेल. तो आपल्या सगळ्यांच्याच मनात होतो.

एक दिलासाही देतो, कारण हा कान कायमचा घट्ट होऊन बसत नाही. क्लार्क आणि गॅरेट यांनी २००४ मध्ये दाखवले की अनोळखी ढबीचे बोलणे पहिल्यांदा ऐकताना प्रौढ माणसाला लागणारा जादा वेळ साधारण मिनिटभरात, काही वाक्यांतच, कमी होऊ लागतो. तुम्ही ते ‘न्हाई’ एकदा कळल्यावर विसरू शकत नाही, यातही मला तोच लवचीकपणा दिसतो. मग फरक पडतो तो त्या मिनिटभराची तसदी कोण घेतो आणि कोणाला ती घ्यावीच लागत नाही, यामुळे. ज्याची भाषा ‘प्रमाण’ ठरते, त्याला ती सवलत जन्मभर मिळते.

उत्तर : लबडब

माझ्या व्यवसायात ऐकणे अक्षरशः शिकवले जाते, म्हणून थोडे लिहिते.

पहिल्यांदा स्टेथोस्कोप कानाला लावला, तेव्हा मला ऐकू आली ती रुग्णाच्या सदऱ्याची खसखस आणि माझ्याच बोटांचा नळीवर होणारा आवाज. प्राध्यापक म्हणत होते, ‘पहिल्या आणि दुसऱ्या ठोक्याच्या मधली फुंकर ऐका,’ आणि आम्ही सगळे मुकाट्याने माना डोलावत होतो. ती फुंकर खरोखर ऐकू यायला कित्येक आठवडे गेले. शब्द आधी शिकलो, आवाज मागाहून आला.

रने लायनेक यांनी १८१६ मध्ये पॅरिसमध्ये कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि १८१९ मध्ये त्या तंत्रावर ग्रंथ लिहिला. तोवर डॉक्टरांचा मोठा आधार होता तो रुग्ण स्वतःच्या आजाराची जी हकिगत सांगे तिचा. नळी आल्यावर छातीच थेट बोलू लागली आणि हकिगत दुय्यम ठरू लागली. आम्ही अधिक बारकाईने ऐकायला लागलो, यात शंका नाही. पण माणसाऐवजी फुप्फुसाचे. १९८४ मध्ये बेकमन आणि फ्रँकेल यांनी ७४ भेटींचा अभ्यास केला, तेव्हा रुग्णाने बोलायला सुरुवात केल्यापासून डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत मध्ये पडत असल्याचे आढळले. मी हा आकडा वाचला त्या आठवड्यात स्वतःचे घड्याळ लावून पाहिले. निकाल इथे लिहिण्यासारखा नाही. इतकेच सांगते की अनेक रुग्ण खरी तक्रार दाराच्या कडीला हात लावून, उठून जाता जाता सांगतात, आणि त्याला आम्ही वर ‘नेमके शेवटी बोलतात’ असे नाव ठेवतो.

उत्तर : काळा कोट

राजकीय आहे का, असे विचारले आहे. न्यायालयाच्या कामकाजातील दोन उदाहरणे देतो. पहिले लांबीने, कारण ते तुमच्या कंसाच्या फार जवळचे आहे.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात गिट्क्सन आणि वेट्सुवेटेन या आदिवासी राष्ट्रांच्या प्रमुखांनी आपल्या पूर्वापार भूमीवरील हक्कासाठी दावा लावला होता. तो ‘डेलगामूक’ या नावाने ओळखला जातो. गिट्क्सन घराण्यांकडे ‘अदावक’ नावाची मौखिक परंपरा असते. कोणत्या घराण्याने कोणती भूमी कधीपासून सांभाळली, याची ती नोंद, आणि तिच्यात गाणीही येतात. १९८७ मध्ये मेरी जॉन्सन या वृद्ध गिट्क्सन स्त्री साक्ष देत होत्या. साक्षीचा भाग म्हणून त्यांनी एक शोकगीत गाऊन दाखवावे, असे वकिलांनी सुचवले. न्यायमूर्ती मॅकएकर्न यांना ते रुचले नाही. गाण्याचे शब्द लिहून दिले तर चालणार नाही का, असे त्यांनी विचारले, आणि आपला कान पत्र्याचा आहे, आपल्यापुढे गाऊन काही उपयोग नाही, या अर्थाचे उद्गार काढले. गाणे अखेर गायले गेले. १९९१ चा निकाल मात्र दावेदारांच्या विरोधात गेला आणि मौखिक परंपरेला त्यात स्वतंत्र पुरावा म्हणून फारसे वजन मिळाले नाही.

त्या न्यायमूर्तींना मी खलनायक ठरवणार नाही. आपल्याला संगीतातले काही कळत नाही, ही प्रामाणिक कबुली होती, आणि आपण अनेक जण असे गमतीने म्हणतोच. मात्र न्यायासनावरून ते वाक्य उच्चारले की त्याचा अर्थ पालटतो : माझ्या कानाला जे शिकवलेले नाही ते पुरावा नव्हे, आणि ते शिकण्याची जबाबदारीही माझी नव्हे. गिट्क्सन लोकांना इंग्रजी, कायद्याची परिभाषा आणि उलटतपासणीची रीत हे सगळे शिकून यावे लागले होते. समोरच्या बाजूला एक गाणे ऐकायला शिकणे अवघड होऊन बसले. १९९७ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला आणि मौखिक इतिहासाला लेखी कागदपत्रांच्या बरोबरीने तोलले पाहिजे, असे सांगून फेरसुनावणीचा आदेश दिला. ती फेरसुनावणी कधीच झाली नाही, हेही नोंदवतो.

दुसरे उदाहरण तुमच्याच पेशातले आहे. फिलाडेल्फियाच्या न्यायालयांत काम करणाऱ्या २७ लघुलेखकांना, आफ्रिकी-अमेरिकी बोलीत बोललेली वाक्ये उतरवायला देण्यात आली. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. या लोकांना ९५ टक्के अचूकतेचे प्रमाणपत्र मिळालेले असते. त्यांनी बिनचूक उतरवलेली वाक्ये साधारण ६० टक्के भरली. काही ठिकाणी अर्थच बदलला होता, अगदी तुमच्या ‘सही केली’सारखा. न्यायालयात अपील चालते ते लिहिलेल्या कागदावर. त्या कागदावर जे नाही, ते साक्षीदार बोललाच नाही असे धरले जाते.

उत्तर : शंकेखोर

वरचे सगळे पटते, तरी ‘ऐकणे’ या शब्दाला इथे हळूहळू हार घातला जातो आहे, म्हणून थोडी अडवणूक करतो.

बारकाईने ऐकणे हा आपोआप सद्गुण होत नाही. १९८९ मध्ये पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांकडे सुमारे ९१,००० पूर्णवेळ कर्मचारी होते, आणि त्यांच्याइतके लक्षपूर्वक ऐकणारे त्या देशात दुसरे कोणी नसावे. टेलिफोन, भिंती, शेजारी, सगळे ऐकले जात होते आणि शब्दांकनही चोख होत होते. ज्याचे ऐकले जात होते, त्याला त्यातून काय मिळाले?

दुसरे असे की मराठीने या क्रियापदात बराच गुंता आधीच साठवून ठेवला आहे. ‘मुलगा ऐकत नाही’ म्हणताना आपण त्याच्या कानाबद्दल बोलत नसतो. तो सांगितले तसे करत नाही, असे म्हणत असतो. ‘मी ऐकून घेतले’ म्हणजे मी निमूट सहन केले, आणि ‘त्याला चांगले ऐकवले’ म्हणजे त्याची खरडपट्टी काढली. थोडक्यात, ऐकण्यात कोण वर आणि कोण खाली, हे भाषेला पक्के ठाऊक आहे. खालच्याने ऐकायचे म्हणजे वागायचे; वरच्याने ऐकायचे म्हणजे मान डोलावून पुढच्या विषयाकडे वळायचे. सुनावणी झाली, निवेदन स्वीकारले, भावना समजून घेतल्या, आणि फाइल बंद.

वर्णभेदाच्या काळातील अत्याचारांची चौकशी करणाऱ्या, दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आणि सलोखा आयोगाचे कौतुक ऐकण्याचा आदर्श म्हणून नेहमी होते. त्या आयोगाने २१,००० हून अधिक निवेदने नोंदवली आणि पीडितांना सहा वर्षे दरवर्षी भरपाई द्यावी, अशी शिफारस केली. सरकारने २००३ मध्ये जाहीर केले ते एकदाच देण्याचे ३०,००० रँड. मग त्यांचे ‘ऐकले’ असे कोणत्या अर्थाने म्हणायचे?

उत्तर : दुभाषी

शंकेखोर, भरपाईबद्दलचा तुमचा मुद्दा मान्य. पण त्याच आयोगात ऐकण्याच्या पातळीवर काय घडले, ते थोडे जवळून पाहू, कारण ‘आधी नीट ऐकले, मग काही केले नाही’ एवढे सरळ ते नव्हते. काही वेळा नीट ऐकलेही गेले नव्हते.

आयोगापुढे साक्षीदाराला देशाच्या तेव्हाच्या अकरा अधिकृत भाषांपैकी आपल्या भाषेत बोलता येई, आणि काचेच्या खोलीत बसलेले दुभाषे ते त्याच क्षणी भाषांतरित करत. दुभाष्याने साक्षीदाराऐवजी ‘मी’ म्हणायचे, हा आमच्या पेशाचा नियम. ‘त्यांनी माझ्या मुलाला मारले’ हे वाक्य दिवसातून वीसदा, प्रथमपुरुषात, स्वतःच्या तोंडून म्हणणे म्हणजे काय, हे हा पेशा केल्याशिवाय कळणे कठीण आहे. अधिकृत प्रतिवृत्त मात्र तयार झाले ते बहुतांशी या घाईतल्या इंग्रजीवरून. मूळ भाषेतले शब्द ध्वनिफितीत राहिले.

१९८६ मध्ये केप टाउनजवळच्या गुगुलेथूमध्ये पोलिसांनी सात तरुणांना ठार केले होते. त्यांच्यातील एकाच्या आईने, श्रीमती कोनिले यांनी, एप्रिल १९९६ मध्ये साक्ष दिली. इतर मातांच्या साक्षी ऐकणाऱ्यांना समजल्या, हृदयाला भिडल्या. कोनिलेबाईंची साक्ष मात्र तुटक आणि असंबद्ध वाटली. मध्येच त्या स्वप्नात दिसलेल्या एका बकरीबद्दल बोलत होत्या. काही वर्षांनी कवी आणि पत्रकार आंकी क्रोख, खोसा भाषेच्या अभ्यासक नोसिसी म्पोल्वेनी आणि मानसशास्त्रज्ञ कोपानो रातेले या तिघांनी मूळ खोसा ध्वनिफीत पुन्हा ऐकली. भाषांतरात आणि शब्दांकनात चुका सापडल्या, दुवे गळलेले सापडले. ग्रामीण खोसा जगात स्वप्न हा पूर्वजांकडून आलेला निरोप असतो, हे लक्षात घेतल्यावर ती बकरी साक्षीच्या अगदी योग्य जागी उभी होती. बाई असंबद्ध बोलत नव्हत्या. त्यांच्या बोलण्याची संगती ज्याला ठाऊक होती, असा श्रोता त्या क्षणी त्यांच्या वाट्याला आला नव्हता, आणि पुढे तीन जणांना मिळून तो श्रोता व्हावे लागले.

या तिघांपैकी कोणालाही ते एकट्याने जमले नसते, याकडे लक्ष वेधतो. एकीला भाषा येत होती, एकाला मनाची रीत, आणि दुसरीला, मला वाटते, आपल्याला काहीच कळलेले नाही ही टोचणी होती.

शब्दांकनकार

सर्वांची मनापासून आभारी आहे. शंकेखोर यांचा टोमणा विशेष लागला, कारण ‘चोख शब्दांकन’ हेच आजवर माझे ब्रीद होते.

‘अस्पष्ट’ऐवजी ‘शब्दांकनकाराला कळले नाही’ असे लिहावे, असे मी आमच्याकडे सुचवले. ग्राहकाला ते कच्चे काम वाटेल, असे उत्तर आले. तूर्त तडजोड अशी ठरली आहे की असा प्रत्येक कंस दुसऱ्या, वेगळ्या बोलीच्या माणसाने ऐकल्याशिवाय फाइल बाहेर जाणार नाही.

त्याच गृहस्थांच्या मुलाखतीत माझे एकूण १७ कंस होते. सहकाऱ्याने त्यांतले बारा सोडवले. तीन पुन्हा पुन्हा ऐकून सुटले, आणि त्यांतला एक सांगण्यासारखा आहे. मुलाखत घेणाऱ्याने विचारले होते, ‘पैसे मिळाले का?’ आणि त्यावर पार्श्वभूमीला त्यांच्या पत्नीचा एक आवाज होता. मी तो कंसात टाकला होता. सहकाऱ्याने ‘हं’ असे लिहून तो होकार धरला. आम्ही दोघांनी मिळून, आवाज वाढवून, पाच-सहा वेळा ऐकले. ते ‘हं’ नव्हते, ‘अंहं’ होते. त्याला त्यांची बोली येत होती, पण खोलीत मागे बसलेल्या बाईंचे बोलणे हे उत्तर असू शकते, हे त्याच्या ध्यानात आले नव्हते. माझ्याही आले नव्हते, म्हणून तर तो कंस.

दोन जागा आम्हा दोघांनाही अजून कळलेल्या नाहीत. त्या कोणाकडून सोडवून घ्यायच्या यावर बराच खल झाल्यावर एका नवख्या मुलीने विचारले की ते गृहस्थ तर फोनवर उपलब्ध आहेत ना. सहा वर्षांत आमच्यापैकी कोणालाही हे सुचले नव्हते. बुधवारी त्या दोन्ही जागा त्या दोघांना ऐकवायच्या आहेत, आणि फोन स्पीकरवर ठेवा, असे आधीच कळवले आहे.